‘स’ आला कुठून?

...तर बाप आलाच नव्हता हो, ताप आला होता! काल इथंच हसत हसत उठलो आपण, आणि वकीलबाईंची खरी गोष्ट राहूनच गेली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवरा अंथरुणातून कण्हत म्हणाला, "ताप आलाय." बाईंनी ऐकलं, "बाप आलाय." झालं! सासरे आले म्हणून बाईंनी चहाचं आधण ठेवलं, खुर्चीवरचे कपडे उचलले, आणि वर नवऱ्यालाच झापलं, "स्वतःच्या वडिलांना कुणी बाप म्हणतं का?" बिचारा कपाळावर हात ठेवून पडून राहिला. त्या हातालाही चटका बसत होता म्हणा.

बाईंचा डावा कान लहानपणीच गेलेला, आणि उजवा लहरी. मनात आलं तर ऐकणार. कोर्टात सगळे त्यांना पाठीमागे ‘पुन्हा-सांगा बाई’ म्हणत. साक्षीदार बोलला की बाई मान तिरकी करणार आणि म्हणणार, "पुन्हा सांगा." गंमत अशी, की खोटं बोलणारा दुसऱ्या खेपेला थोडं वेगळंच बोलून जायचा! पण कामं मिळायची ती घरभाड्याची, सामाईक भिंतीची, फार तर घटस्फोटाची. खुनाचा खटला जन्मात हाती आला नव्हता.

तो आला, कारण दुसरं कुणी घेईना. दोघे भाऊ, सोफे शिवणारे, कारखाना एकच. थोरल्याला वेगळं व्हायचं होतं, त्यावरून संध्याकाळी कारखान्यातच दोघांचं वाजलं. सकाळी थोरला जिन्याच्या पायथ्याशी सापडला, डोकं फुटून मेलेला. घसरला की ढकलला, पाहणारं कुणी नाही. पण भिंतीपलीकडचे घड्याळजी म्हणाले, "मी या कानांनी ऐकलं. धाकटा ओरडला, ‘मी तुला सोडणार नाही!’"

धाकटा रडून सांगे, "मी ‘तोडणार नाही’ म्हणालो. तू वेगळं दुकान टाक, पण मी तुला तोडणार नाही, असं."

एका अक्षरावर माणसाचा जीव टांगलेला. आई बाहेर बाकावर बसून असायची. एक लेक गेलेला, दुसरा पिंजऱ्यात.

त्यात सरकारी वकिलांनी आवाजाचे तज्ज्ञ आणले. कॉलेजात शिकवणारे, दाढी पांढरी, बोलणं मऊ. त्यांनी यंत्रं लावून ती भिंत तपासली होती आणि अहवालात लिहिलं होतं, ‘पलीकडील बोलणे ऐकू येते.’ सरकारी वकील खुशीत हात चोळत बसले. मग उलटतपासणीला बाई उठल्या.

"ऐकू येतं म्हणजे कळतं का?"

"कळलं ना. प्रयोगच केला. मी कारखान्यातून बोललो, माझ्या सहकाऱ्यांनी घड्याळजींच्या खोलीत बसून लिहून घेतलं. एकही चूक नाही."

"काय बोललात?"

तज्ज्ञ जरा अडखळले. "नेहमीचंच. एक, दोन, तीन..."

"दहापर्यंत?"

"दहापर्यंत."

"ओळीनं?"

"...ओळीनं."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. अहो, या आवाजवाल्या मंडळींची सवयच ती! माइक हातात आला की "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." दुसरं काही सुचेल तर शपथ.

"साहेब," बाई म्हणाल्या, "दोननंतर तीन आला, हे तुमच्या सहकाऱ्यांना ऐकून कळलं, की पहिली पास झाल्यामुळं?"

सरकारी वकील ताडकन उठले. "हरकत आहे! ही साक्षीदाराची थट्टा आहे!"

"थट्टा असेल," न्यायाधीश म्हणाले, "पण उत्तर मलाही हवंय."

दुसरा कुणी असता तर त्यानं आकडेमोडीत शिरून सगळ्यांना गुंडाळून टाकलं असतं. या माणसानं चष्मा काढला आणि सरळ सांगितलं, "मॅडमचं बरोबर आहे. चूक माझी. ज्याची वाट पाहतो तो शब्द कानाला लगेच सापडतो."

आता बाईंनी मान तिरकी केली. अर्धं आयुष्य समोरच्याच्या ओठांवरून हरवलेली अक्षरं हुडकण्यात गेलेलं. पण आपल्या कानाची खोड भिंतीलाही असते का, हे त्यांना कुठं ठाऊक होतं? तरी विचारलं, "अशा जाड भिंतीत आधी कोणतं अक्षर हरवतं?"

"‘स’. तो म्हणजे नुसती हवेची बारीक फुसफुस. भिंत ती गिळून टाकते. स्वर तेवढे पलीकडे जातात."

"म्हणजे ‘सोडणार’ म्हटलं तर पलीकडं काय येईल?"

"‘ओडणार’ असं काहीतरी."

"आणि ‘तोडणार’ म्हटलं तर?"

तज्ज्ञ पाणी प्यायले. "जवळजवळ तेच."

"मग घड्याळजींनी ऐकलेला ‘स’ आला कुठून?"

"मनातून. भांडण चाललंय हे त्यांना माहीत होतं. रिकामी जागा मनानं भरली. ते खोटं बोलत नाहीत हो, त्यांना खरंच तसं ऐकू आलं असणार."

पुढं निकाल लागला. घड्याळजींच्या ऐकण्यावर विसंबता येत नाही आणि दुसरा पुरावा नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन धाकट्याला मोकळं केलं. व्हरांड्यात वकील मंडळी बाईंभोवती गोळा झाली, अगदी सरकारी वकीलसुद्धा. धाकटा जरा लांब, खांबाला टेकून उभा होता. कुणाजवळ जावं हे त्याला कळत नव्हतं.

गर्दीतून वाट काढत त्याची आई आली. तिनं बाईंचा हात धरला आणि त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बाई, तुम्ही त्याला सोडवलंत. पण मला खरं सांगा. तो काय म्हणाला होता?"

‘तोडणार नाही’ म्हणाला, एवढं सांगून टाकलं असतं तर म्हातारी सुखानं घरी गेली असती. बाईंना ते सुचलं नसेल असं नाही. पण त्यांनी धाकट्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि म्हणाल्या, "मावशी, ते माझ्यापर्यंतही पोचलेलं नाही. पण तो तिथं उभा आहे, आणि तुमच्या दोघांमध्ये भिंत नाही. त्यालाच विचारा. आणि तो बोलेल ना, तेव्हा खाली बघू नका, त्याच्या तोंडाकडं बघा."