सामानाजवळची जागा

महाशिवरात्रीला गोंदियाकडचा प्रतापगड चढायला जायचं, तर आमच्या घरातलं एक माणूस पायथ्याशी राहतं. सतरंजी अंथरायची, साबुदाण्याच्या उसळीचे डबे, पिशव्या आणि अनवाणी चढणाऱ्यांच्या चपला गोळा करायच्या आणि त्यांच्यापाशी बसायचं. आधी सासरे बसायचे, मग चुलतसासू, आता गुडघे गेले म्हणून थोरली जाऊ बसते. त्या जागेवर एकदा बसलेलं माणूस पुन्हा गड चढलेलं मी पाहिलेलं नाही.

यंदा त्या सतरंजीवर माझी नेमणूक झाली.

कारण माझं हृदय. गेल्या पावसाळ्यापासून ते मनात येईल तेव्हा धावत सुटतं. का, ते त्यालाच ठाऊक. गोंदियाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीला यंत्र चिकटवून मला दिवसभर तसंच घरी फिरवलं, आणि शेवटी म्हणाले, "रिपोर्ट तो सब नॉर्मल है. चलिए, फिरिए, काम कीजिए. चक्कर आए तो बैठ जाइए." बाजूला आमचे हे बसले होते. यातलं फक्त शेवटचं वाक्य त्यांनी घरी आणलं.

तेव्हापासून धडधड सुरू होताना माझ्या हातात जे असेल ते बंद. चहा पिताना झाली, चहा बंद. बांधीत धानाचे परे रोवताना झाली, रोवणा बंद. जावेशी भांडताना झाली, तर भांडण बंद. त्यात ती बिचारी माझ्याहून जास्त सुकली. ह्यांचा धानाचा व्यापार. मीटर लावून धानातला ओलावा बघायची सवय, तसंच माझं बोट ऑक्सिमीटरच्या चिमट्यात धरतात, ठोक्यांचा आकडा बघतात आणि भाव पडल्यासारखा चेहरा करतात. मीही काही साधी नाही. मोठा आकडा आला की तो शेजारी जाऊन सांगायची. आजाराला नाव नव्हतं, पण रुबाब होता.

पण गड सोडायचा म्हणजे फार झालं. लग्न होऊन आले तेव्हापासून एकही वर्ष मी चुकवलेलं नाही.

पायथ्याशी पोहोचलो. पोरं, पुतणे पुढं निघाले. हे म्हणाले, "तू बसून राय. हलू नको."

"मी कायले बसू? माहे गुडघे धड आहेत."

"छाती आहे ना."

मी बसले. जावेनं सरकून जागा दिली, तेही इतक्या मायेनं की माझा जीव घाबरला. समोरून माणसं चालली होती, कोणी महादेवाच्या देवळाकडे, कोणी तिथल्याच दर्ग्याकडे, माझ्याहून म्हाताऱ्या बायासुद्धा. मी मांडीवर चपलांची पिशवी घेऊन बघत होते, आणि सुरू झाली की धडधड. हे पाण्याची बाटली विसरले म्हणून परत आले होते. लगेच खिशातून चिमटा निघाला. आकडा एकशे अडतीस.

"काय करून राहिली होती?" ह्यांनी जावेला विचारलं.

"काही नाही. बसली होती."

ह्यांनी आकडा पुन्हा बघितला.

"मंग भाऊजी," जाऊ डब्याचं झाकण लावत म्हणाली, "आता तिचं बसणं बंद करा."

ह्यांचंच शास्त्र होतं, मानावंच लागलं. धडधड निवेपर्यंत मी थांबले, एवढी अक्कल मला आहे. मग पिशवी जावेच्या मांडीवर ठेवली. ती म्हणाली, "जा वो. पण वरून आली की माह्याशी भांड. लय दिवस झाले."

मी हळूहळू चढले. थांबत, दगडाला टेकत. छाती धडधडत होतीच, पण वाटेवर सगळ्यांचीच धडधडत होती. कित्येक महिन्यांनी माझ्या हृदयाला धावायला काहीतरी कारण मिळालं होतं. हे मागून चिमटा घेऊन येत होते. अर्ध्या चढावर त्यांनाच धाप लागली आणि ते एका दगडावर टेकले. मी त्यांच्या हातातून चिमटा घेतला आणि त्यांच्याच बोटाला लावला. आकडा माझ्या आकड्याच्या जवळपासच होता.

"चढ आहे ना," ते म्हणाले.

"चक्कर येऊन राहिली का तुमाले?"

"नाही."

"मंग बसले कायले? चला."