नर पपईचा वास

नर पपईच्या फुलांना वास असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ठाऊक होण्याइतके दिवस ते झाड कोणी ठेवतच नाही. लांब देठांवर फुलांचे झुपके लोंबू लागले की हा नर आहे, याला फळ धरणार नाही, हे कळतं आणि कोयता चालतो. पिंपरीला आमच्या औषधांच्या कारखान्याच्या चाळीत प्रत्येक खोलीमागे थोडी मोकळी जागा होती. तिथे आमच्या ओळीत तरी असंच चालायचं.

आमच्या परसातल्या पपया माझ्या धाकट्या बहिणीने लावल्या. ती चाकणजवळच्या कांद्याच्या मोठ्या बागायतदाराकडे दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल झालं नाही. मग एके दिवशी तिचे थोरले दीर तिला ट्रंकेसह आमच्या दारात सोडून गेले. "राहू द्या थोडे दिवस. कांदा उरकला की बोलावणं धाडतो," असं म्हणाले. कांदा उरकला, पुन्हा लागला. बोलावणं आलं नाही. आमचे आईवडील हयात नव्हते, त्यामुळे तिचं माहेर म्हणजे मी, माझी बायको आणि ही खोली.

तिला तपासून झालं होतं. सुईणीने पाहिलं, वैद्याने पाहिलं, शेवटी पुण्याच्या डॉक्टरणीने पाहिलं. तिने काही दोष दिसत नाही असं सांगितलं, तेव्हा सासरच्यांनी डॉक्टरीणच अडाणी ठरवली.

माझ्या बायकोने बाजारातून पपई आणली होती, तिच्या बिया बहिणीने परसात टाकल्या. पण त्या पपईची फोड तिने तोंडात घातली नाही. पपई उष्ण, पोटात गर्भ ठरू देत नाही, असं आमच्याकडे मानतात. मूल हवं असलेली बाई पपईला शिवत नाही.

"वन्सं, एक फोड तरी घ्या. इथे कोण बघतंय?" बायको म्हणाली.

"नको वहिनी. उद्या बोलावणं आलं म्हंजे?"

बायकोने फोड परत ताटलीत ठेवली. पुढे तिने कधी आग्रह केला नाही.

रोपं भराभर वाढली. एक नर निघाला, बाकीच्या माद्या. दिवसा त्या नराजवळ उभं राहिलं तरी काही जाणवत नसे. ऊन उतरलं, कारखान्याचा आंबूस वास वाऱ्याबरोबर पलीकडे गेला, की फुलांचा गोड वास सुटायचा. मोगऱ्यासारखा अंगावर येणारा नव्हे, हलका. मग बोटाएवढे जाड पतंग यायचे. फुलावर न बसता त्याच्यासमोर हवेतच थरथरत राहायचे आणि लांब सोंड आत घालायचे. बहीण भाकरीचं पीठ तसंच हाताला ठेवून दाराशी येऊन बघायची. आमच्याकडे आल्यापासून तिचा चेहरा तेवढ्यापुरताच मोकळा झालेला मी पाहिला.

शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, "अगं, त्यो नर हाय! काय आरती करायचीय व्हय त्याची? तोड की. जागा अडवून बसलाय."

दुसऱ्या दिवशी बहिणीने स्वतः कोयता घेतला. बायको आडवी गेली. "असू द्या हो, वास किती छान येतो."

"वासाला काय करायचंय, वहिनी? फळ न देणाऱ्याला कुनी दारात ठेवतं का?" असं म्हणून ती हसली. बायको बाजूला झाली. झाड गुडघ्याच्या वर तुटलं.

त्यानंतर माद्यांना फुलं आली आणि गळाली. पुन्हा आली, पुन्हा गळाली. शेजारणीने आता वेगळाच सूर लावला. "हात कुनाचा लागलाय, त्येबी बघावं लागतं बाई." बहिणीने ते ऐकलं आणि झाडांना पाणी घालणं बंद केलं. म्हणाली, "तुमी घाला, दादा."

मी कारखान्यात वजनकाट्यावर काम करणारा माणूस. एका पारड्यात काही कमी पडलं की काय कमी पडलं हे शोधायची सवय. पाणी तेच, खत तेच, फरक फक्त नर गेल्याचा. आमच्या प्रयोगशाळेत वनस्पतिशास्त्र शिकलेला एक सहकारी होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, अंधारात रंगाचा उपयोग नाही, म्हणून फूल वासाने पतंगाला बोलावतं. नराच्या फुलात मध असतो, त्यावर पतंग येतात. मादीच्या फुलात त्यांना द्यायला जवळजवळ काही नसतं, पण ते नराच्या फुलासारखंच भासतं. पतंग चुकून तिकडे जातो, अंगावरचे परागकण लागतात आणि फळ धरतं. आसपास नरच नसेल तर मादीने कितीही फुलं काढावीत.

जेवताना मी हे घरात सांगितलं. बहिणीचा घास हातात राहिला.

"म्हंजे फुलं गळाली त्यात त्या झाडांचा दोष न्हवता?"

"नव्हता."

घास परत ताटात ठेवून ती म्हणाली, "दादा, मला तिघांनी तपासलं. त्यांना कुनी तपासलं न्हाई."

रविवारी मी चाकणला गेलो. कांद्याच्या वखारीत मेहुणे आणि त्यांचे थोरले बंधू गोणी शिवून घेत होते. शक्य तेवढ्या सौम्य शब्दांत म्हटलं, एकदा दाजींनीही डॉक्टरांकडे यावं, मी सोबत येतो. मेहुण्यांनी मान वर केली नाही. थोरले मात्र मोठ्याने हसले, हमालही हसले.

"पाव्हणं, आमच्या घरातला गडी तपासनार तुमी? बैल हाय का बाजारातला?" मग हसू आवरून म्हणाले, "आन आता गरज बी न्हाई. घरात दुसरी आनलीय."

कायद्याने असं करता येत नाही, असं मी म्हणालो. "मग जा की कोर्टात," ते म्हणाले आणि दाभणात सुतळी ओवू लागले.

घरी आलो तेव्हा बहीण दारातच होती. तिने एकच विचारलं, "बोलावणं?"

मी जे होतं ते सांगितलं. ती आत गेली आणि भाकरी थापू लागली. भाकरी रोजच्यासारखीच गोल झाली.

तोडलेल्या नराच्या खुंटाला धुमारे फुटले होते. ते आता कोणी छाटले नाहीत. शेजारीण बोलली, तेव्हा माझी बायकोच तिला म्हणाली, "आमच्या दारातलं आम्ही बघू." पुढच्या हंगामात धुमाऱ्यांवर झुपके लोंबले, संध्याकाळी पुन्हा तो वास सुटला, पतंग आले. या खेपेला माद्यांची फुलं गळाली नाहीत. बहीण बघायला मात्र दाराशी आली नाही.

पहिली पपई पिकली तेव्हा तिनेच ती उतरवली, विळीवर चिरली आणि आम्हा दोघांपुढे ताटली ठेवली. बायकोने सहज एक फोड उचलून तिच्यापुढे धरली, आणि लक्षात येताच हात मागे घेऊ लागली. बहिणीने ती फोड तिच्या हातातून घेतली आणि खाल्ली.

"गोड हाय," ती म्हणाली. मग तिने स्वतःच्या हाताने दुसरी घेतली.