दोन्ही टोकांचे दाते

माझ्या भाऊजींना एका जागी स्वस्थ बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. चहा ते उभ्यानं पितात, पेपर फेऱ्या मारत वाचतात आणि फोनवर बोलता बोलता शेजाऱ्याच्या अंगणात पोचलेले असतात. चिखलीच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी केली, पण तिथल्या स्टुलाला त्यांचा स्पर्श झाल्याचं कुणाला आठवत नाही. आमच्या चुलतभावाच्या लग्नात मंडपात वंदना सुरू होती, सगळे हात जोडून उभे, आणि भाऊजी बाहेर नवरदेवाच्या गाडीचं बॉनेट उघडून उभे. 'बेल्ट ढिला आहे. नवरीले घेऊन वाटेत बसून राह्यला असता,' हे त्यांनी नंतर सगळ्या वऱ्हाडाला जेवताना ऐकवलं. बेल्ट खरंच ढिला होता, याचाच मला जास्त राग आला.

अशा माणसाला निवृत्त करू नये. केलं, आणि त्याच वर्षी त्यांच्या जुन्या मोटारीच्या इंजिननं राम म्हटला. इकडे ताईचे गुडघे इतके धरले, की तिला एसटीची पायरी चढवेना. तिचं माहेर रोहिणखेड. तिथं मी आणि आई राहतो, आणि आईचं घराबाहेर पडणं केव्हाच बंद झालंय. दोन वर्षं मायलेकींची भेट नव्हती. भाड्याची गाडी करा म्हटलं, की भाऊजींचा पारा चढायचा. 'मी आणतो तिले, आपल्याच गाडीत,' असं ते फोनवर आईला ओरडून सांगत. आईला ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून. तरी फोन ठेवल्यावर ती मलाच विचारायची, 'काय म्हने? कधी येते पोरगी?'

भाऊजींनी भंगारातल्या दुसऱ्याच मॉडेलच्या गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट आणलं आणि आपल्या गाडीत बसवलं. आरटीओचे कागद झाले, ते मला आजही खरं वाटत नाही. अडलं ते एक्सलपाशी. इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा तो दांडा. त्याच्या आतल्या टोकाचे दाते नव्या गिअरबॉक्सला जुळायला हवेत, बाहेरच्या टोकाचे जुन्या चाकाला, आणि डावा-उजवा दोन्ही लांबीला वेगळे. 'सोयरीकच आहे हे साळेबुवा,' ते मला सकाळी सहाला फोन करून म्हणाले. जयभीम घालायचंही विसरले होते. 'दोन्ही घरच्याईले पटली पायजे. एकाले पटून काय कामाचं?'

दात्यांचा नमुना न्यायचा म्हणून त्यांनी ताईच्या परातीतली कणीक उचलली, गिअरबॉक्सच्या भोकात दाबली आणि तो गोळा डब्यात घालून नांदुऱ्याच्या भंगार बाजारात नेला. उन्हाचे दिवस. नांदुऱ्याला डबा उघडला तेव्हा कणीक सैल होऊन दाते पार विरघळलेले. दुकानदार म्हणाला, 'काका, आधी जेवून घ्या, मंग पाहू.' पुढच्या खेपेला भाऊजींनी सरळ गिअरबॉक्सच उतरवला, ताईच्या जुन्या पातळात गुंडाळला आणि जीपमधून नेला. त्याच्यावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येक प्रवाशाशी ते भांडले. शेवटी एका एक्सलचं आतलं टोक, दुसऱ्याचं बाहेरचं टोक आणि मधला दांडा लेथवर नवा, असं त्यांनी जमवून आणलं.

निघायच्या दिवशी मी चिखलीतच होतो. ताई नवी साडी नेसून, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन गाडीत बसली. भाऊजींनी गाडी सुरू केली, गिअर टाकला. गाडी हातभर सरकली, खाडकन आवाज झाला आणि अंगणात तेलाचा ओघळ आला. मापं घेताना त्यांनी गाडी जॅकवर चढवली होती. चाकं लोंबकळत होती, आणि लोंबकळलेलं चाक आत ओढलं जातं. जमिनीवर टेकल्यावर दांडा आखूड पडला. एवढ्या दात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे सुचू नये, म्हणून मी हसणार होतो.

ताई हळूच उतरली. म्हणाली, 'काऊन इतका आटापिटा करता हो? पायरी चढता आली असती तं यष्टीनंच गेली असती मी.'

माझं हसू जागच्या जागी विरलं. भाऊजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चारही चाकांखाली विटांचे थर लावले, गाडी चाकांवर उभी केली आणि ताईला आत बसवलं. 'ज्याले न्यायचं त्याचं वजन पायजे,' म्हणाले. ते खाली टेप घेऊन पडले आणि ताई दोन तास गाडीत बसून मेथी निवडत राहिली.

पंधरा दिवसांनी गाडी रोहिणखेडला आमच्या दारात आली. आई ताईच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. पण सासुरवाडीत भाऊजी एका रात्रीच्या वर कधी टिकलेले नाहीत. सकाळी सामान चढलं, ताई बसली, इंजिन सुरू झालं. गाडी अंगणात वळली तशी आईनं काठी वर केली.

'जवाईबापू, डाव्या चाकात कटकट वाजून राह्यलं.'

भाऊजींनी इंजिन बंद केलं. आईकडे पाहिलं, मग ताईकडे. ताई समोर पाहत होती. गाडीत कसलाही आवाज नव्हता. मी तसं सांगणारच होतो.

'हाव,' भाऊजी म्हणाले. 'मले बी वाटूनच राह्यलं होतं. खोलावं लागन. तीन दिवस तं लागतीन.'

ताई उतरली. आई तिला धरून आत घेऊन गेली. भाऊजींनी जॅक लावला, गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली शिरले. बऱ्याच वेळानं मी चहा घेऊन गेलो आणि वाकून पाहिलं. नट खोलायचे पाने पिशवीतच होते. भाऊजी छातीवर हात ठेवून, डोळे उघडे, स्वस्थ पडले होते. घरातून मायलेकींच्या बोलण्याचा आवाज येत होता. ताईला एकेक वाक्य दोनदा ओरडून सांगावं लागत होतं. आईला कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही, हे भाऊजींइतकं कुणाला ठाऊक होतं?

मी चहा चाकापाशी ठेवला आणि परत आलो.