खरखर टास्क फोर्स

आमच्या मंडळाचे किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. फ्रिजच्या दारात केचपच्या पुड्या साठतात ना, तसे. कुणी आणल्या आठवत नाही, फेकायला हात धजत नाही, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या पायावर पडतात. माझ्या पायावर गेल्या वर्षीच्या पुड्या अजून पडतायत, म्हणून लिहून टाकते.

मंडळ म्हणजे हॉलंडमधल्या आल्मेरे शहरातल्या दहा-बारा मराठी बौद्ध कुटुंबांचं. रविवारी दुपारी वस्तीतला एक हॉल भाड्याने मिळतो. आधी वंदना, मग गाण्यांची प्रॅक्टिस, मग आईच्या हातचा चिवडा आणि थर्मासमधला चहा. अध्यक्ष माझे बाबा. हुद्द्याने सोल्यूशन आर्किटेक्ट, घरीदारी सगळीकडे तेच! मी प्रज्ञा. युनिव्हर्सिटी दुसऱ्या वर्षी सोडली, आता अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात स्पीकर-माइक भाड्याने देणाऱ्या गोडाउनमध्ये वायरी गुंडाळते. त्यावर मंडळातला एकमेव जोक असा : "नाव प्रज्ञा, आणि कॉलेजला राम राम!" हा जोक मी इतक्या वेळा ऐकलाय की आता मीच आधी सांगून टाकते. लोकांचा वेळ वाचतो.

आणि मिलिंद काका. हे गाणारे. बँकेत डेटाचं काहीतरी करतात, स्वभावाने इतके गरीब की लिफ्टचं दार आपल्यासाठी उघडलं तरी थँक्यू म्हणतील. ही सगळी गोष्ट त्यांची आहे.

•

नागपूरला काकांचे वडील, आबा. अख्खं आयुष्य वस्तीत स्वतः रचलेली गाणी गायले. रेकॉर्ड झालेलं एकही नाही. आता अंथरुणाला खिळलेले. त्यांचं एकच म्हणणं होतं, आईवर रचलेलं ते मोठं गाणं मिल्याच्या आवाजात, वाजंत्रीसकट, एकदा ऐकायचं. त्यांची आई विड्या वळायची. कडव्याकडव्यानं तिचा दिवस पुढे सरकतो. शेवटून दुसऱ्या कडव्यात ती म्हातारपणी सही करायला शिकते आणि शेवटच्या कडव्यात झोपते.

काकांनी त्यासाठी हार्डवेअर सिंथेसायझर, म्हणजे विजेवरची पेटी, विकत घेतला. सेकंडहँड, पण काय आवाज! नुसता स्पीकरला जोडला की लोण्यासारखा. पण ढोलकी, टाळ, कोरस हे सगळं लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. म्हणून सिंथ यूएसबीने लॅपटॉपला जोडला, आणि पहिल्याच सुराबरोबर स्पीकरमधून पापड भाजल्यासारखी खरखर सुरू!



बाबा पुढे झाले. चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, "मिलिंद, इश्यू रिप्रोड्यूस होतोय का?"

काकांनी पुन्हा सूर दाबला. पुन्हा पापड.

"गुड," बाबा म्हणाले. गुड!

•

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. नाव 'खरखर टास्क फोर्स'. मंडळातले सगळे काका, काकू, पोरं त्यात. कुणी ड्रायव्हर अपडेट करा म्हणालं, कुणी विंडोजच टाकून द्या म्हणालं, कुणी क्लाउडवर घ्या म्हणालं. काय घ्या क्लाउडवर, पेटी? मग बाबांनी रविवारची मीटिंग लावली. वंदनेनंतर, गाण्याआधी. प्रोजेक्टरसकट.

"पहिला मुद्दा," बाबा म्हणाले. "सेव्हरिटी काय धरायची? क्रिटिकल, हाय, मीडियम?"

मिलिंद काकांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"कोणाची दादा? सिंथची की आबांची?"

 मग बाबांनी 'मीडियम' लिहिलं.

•

सिंथ काकांच्या घरून हॉलवर आणायचा म्हणजे बाकफीटसमधून. पुढे लाकडी पेटी असलेली सायकल, इथले लोक त्यात पोरं बसवतात. काकांना मुलंबाळं नाहीत, बाकफीटस शेजाऱ्यांची. वारा तर इथला असा की सायकल पुढे जायच्या ऐवजी तिरकी जाते. म्हणून ते सिंथला दोन गोधड्यांत गुंडाळायचे, वरून प्लॅस्टिक, कडेने उशी.

एकदा मी त्यांच्या बाजूने चालले होते. सिग्नलला एक डच आजी थांबल्या, पेटीत वाकून बघायला लागल्या. "झोपलंय का बाळ?" असं डचमध्ये, अगदी हळू आवाजात विचारलं.

काकांचं डच यथातथाच. पण ते पण तितक्याच हळू म्हणाले, "नाही. आजारी आहे."

आजींनी गोधडीवर हात ठेवला, म्हणाल्या, होईल बरं. सिग्नल हिरवा झाला. काकांनी कोपऱ्यावर थांबून गोधडी पुन्हा खोचली. मग म्हणाले, "प्रज्ञा, बाई चांगली होती गं."

•

मग आला बफर. लॅपटॉप आवाज ओंजळीओंजळीनं घेतो. ओंजळ लहान असली की सांडतो, आणि ते सांडणं म्हणजे खरखर. ओंजळ मोठी केली की सांडत नाही, पण भरायला वेळ लागतो.

बाबांनी ओंजळ मोठी केली. सेटिंग शेवटपर्यंत ओढलं. खरखर गायब! टाळ्या! बाबांनी ग्रुपवर 'रिझॉल्व्ह्ड' टाकलं, खाली अठ्ठावीस अंगठे.

काका वाजवायला बसले. सूर दाबला, आणि वाट बघितली. मग सूर आला. दुसरा दाबला, तोवर पहिला येत होता. ढोलकी एकीकडे, पेटी दुसरीकडे, मधे काका तोंड उघडून बसलेले.

बाबा म्हणाले, "थोडी लेटन्सी आहे. अ‍ॅक्सेप्टेबल आहे."

आई चिवड्याचा डबा उघडत होती. ती म्हणाली, "अहो, लग्नात रुसलेला जावई येतो तसा येतोय सूर! पंगत उठल्यावर!"

सगळे हसले, काकाही. मग काकांनी चष्मा पुसला, आणि पुसतच राहिले.

•

हे चालू असताना नागपूरहून काकांच्या बहिणीचा फोन यायचा. पुष्पा आत्या. आबांचं सगळं त्याच करायच्या. काका नेहमी स्पीकरवर घ्यायचे, त्यांच्याकडे मंडळापासून लपवण्यासारखं काही नव्हतं.

"दादा, आबा वाट पाहून राहिले. रोज विचारतात, मिल्याचं झालं काय म्हणून. जसं असन तसं पाठव नं!"

बाबांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. "ताई, जय भीम. बोला. क्वालिटी साइन-ऑफ झाला की लगेच रिलीज करतो."

 मग आत्या म्हणाल्या, "भाऊ, हे तुम्ही आबांच्या कानात येऊन सांगता का? मला तर समजलंच नाही."

घरी आल्यावर मी बाबांना म्हटलं, "लाज नाही वाटत?" ते म्हणाले, "प्रोसेस म्हणजे काय, हे अर्धवट सोडणाऱ्यांना कळत नाही." आई म्हणाली, "जेवून घ्या दोघं." आमच्या घरात प्रत्येक भांडण याच वाक्यावर बंद होतं. मिटत नाही, बंद होतं.

•

तुम्हाला वाटेल की मीच शहाणी, म्हणून माझाही किस्सा सांगते. मला खात्री होती की दोष चार्जरचा आहे. लॅपटॉपचा चार्जर आणि सिंथचा अ‍ॅडॅप्टर एकाच बोर्डावर, वीज एकमेकांत गोल गोल फिरते, खरखर होते. गोडाउनमध्ये रोज बघते मी. मी सगळ्यांदेखत चार्जर उपटला. खरखर थांबली!

"बघा!" मी ओरडले. बाबांकडे बघूनच ओरडले.

पण तो लॅपटॉप म्हणजे मंडळाला कुणीतरी दान केलेला. बॅटरी अर्धमेली. गाणं मोठं. विडीवालीची संध्याकाळ झाली, ती दिवा लावायला उठली आणि स्क्रीन काळी! पुन्हा चार्ज, पुन्हा सुरुवात, पुन्हा दिव्यापाशी अंधार.

बाबांना लगेच सोल्यूशन सुचलं. "शेवटची दोन कडवी काढा. स्कोप कमी करू."

मिलिंद काका कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "दादा, शेवटच्या दोन कडव्यांसाठीच बाकीचं गाणं आहे."

मग मी गोडाउनमधून वीज वेगळी करणारी डबी आणली, आपली शान राखायला. तीन रविवार जोडून बघितली. चार्जर लावला की डबी असली तरी खरखर. बाबांनी ग्रुपवर मला 'हार्डवेअर कन्सल्टंट' म्हणून जाहीर केलं. अठ्ठावीस अंगठे.

•

एकदा नीउ-व्हेनेप गावाहून पाहुणे आले. नवे, मोठ्या पगाराचे, डॉक्टरेटवाले. बाबांनी ओळख करून दिली. "ही आमची प्रज्ञा. सध्या ब्रेकवर आहे." दोन वर्षं झाली होती.

पाहुण्यांनी मान हलवली. "बेटा, आपल्या लोकांनी हे करून चालत नाही. आपल्या घोषणेतला पहिलाच शब्द 'शिका' आहे."

"आणि दुसरा 'संघटित व्हा'," मी म्हटलं. "इथे बघा, अख्खी संघटना सहा महिने एका वायरीसमोर बसलीय."

मिलिंद काका खुदकन हसले. बाबांनी महिनाभर माझी 'ब्रेकवर आहे' अशीसुद्धा ओळख करून दिली नाही.

पाहुणे गेल्यावर काका आणि मी वायरी गुंडाळत होतो. मी विचारलं, "काका, फोनवर रेकॉर्ड करून पाठवून द्या ना. खरखरीसकट. आबा काय परीक्षक आहेत का?"

काका वायरीचे वेढे सारखे करत राहिले. म्हणाले, "आबा जन्मभर फाटक्या भोंग्यावर गायले, प्रज्ञा. मंडपवाल्याकडे जो उरेल तो भोंगा आमच्या वस्तीला यायचा. लोकांना आबांचे शब्द अर्धे ऐकू यायचे, अर्धी खरखर. मी लहानपणी स्टेजमागे बसून तो भोंगा दाबून धरायचो, हलला की जास्त खरखरायचा. आता मी इतक्या लांब येऊन, इतकं कमावून, त्यांना पुन्हा खरखरच पाठवू?"

 मला राग आला. त्या दिवशी कुणावर काढायचा तेच कळेना.

•

आणि हा शेवटचा.

रविवार होता. वंदना झाली होती. बाबा प्रोजेक्टर लावत होते, कारण नवा ड्रायव्हर आला होता. काकांचा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. पुष्पा आत्या. पदर खोचलेला, केस विस्कटलेले.

"दादा, डॉक्टर येऊन गेले. आता जे असन ते वाजव. आत्ता."

स्क्रीनवर आबा दिसले. उशीत रुतलेलं डोकं, डोळे मिटलेले. आत्यांनी फोन त्यांच्या कानाशी धरला, तेव्हा आम्हाला नुसतं छत दिसायला लागलं आणि पंख्याचं एक पातं.

मी काकांचा फोन स्पीकरसमोर धरला. काकांनी सूर दाबला. पापड.

"दादा, काहीच समजत नाही, नुसती खरखर येऊन राहिली!"

"एक मिनिट," बाबा लॅपटॉपकडे धावले, "एकच मिनिट मिलिंद, बफर वाढवतो—"

"अहो," आई म्हणाली, "खाली बसा."

बाबा खाली बसले. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

काकांनी यूएसबीची वायर उपटली. सिंथची वायर सरळ स्पीकरमध्ये खोचली. ढोलकी गेली, टाळ गेले, कोरस गेला. लॅपटॉपवर हिरव्या रेघा मुकाट्यानं पुढे सरकत राहिल्या. काकांनी पुन्हा सूर दाबला. लोणी. आईने चिवड्याच्या रिकाम्या डब्यावर बोटांनी ठेका धरला.

काका गायला लागले. आबांची आई उठली, तिनं चूल पेटवली, विड्यांचं सूप मांडीवर घेतलं. दुसऱ्या कडव्याला काकांचा आवाज वर अडकला, फाटला. तेवढ्यात आत्या ओरडल्या, "थांब दादा, थांब! आबा काही म्हणून राहिले!"

छत हललं. पांढरी दाढी दिसली, अगदी जवळून. ओठ हलत होते. हॉलमध्ये सगळे पुढे वाकले.

"मिल्या," आबा म्हणाले. आवाज खोल विहिरीतून यावा तसा, पण शब्द न् शब्द कळला. "पट्टी उतरव. घसा फाटून राहिला तुझा."

"हो आबा," काका म्हणाले.

त्यांनी सिंथचं बटण दाबून पट्टी उतरवली, सूर तपासला, आणि दुसरं कडवं पहिल्यापासून घेतलं. आता आवाज कुठेच अडकत नव्हता. दुपार झाली, विड्यांचे कट्टे बांधून झाले, संध्याकाळ झाली, तिनं दिवा लावला.

"दादा," आत्या म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडले नाहीत. बोटं चालू होती.

"दादा... राहू दे आता."

मी फोन खाली घेतला नाही. आईने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. डब्यावरचा ठेका थांबला नाही.

दोन कडवी उरली होती. काकांनी दोन्ही म्हटली, उतरवलेल्या पट्टीत, शेवटपर्यंत.