सकवारमामींचा हॉर्न

सकवारमामी ठार बहिऱ्या आहेत, असं चेन्नईजवळच्या आमच्या अंबत्तूरच्या बिल्डिंगमध्ये सगळे मानतात. "जन्मभर गाड्यांचे हॉर्न बनवले, कान राहतील कुठं?" असं तळमजल्यावरच्या कनकाक्का मान वेळावत सांगतात. त्यांची ती मान मला हुबेहूब जमते, पण बातमी साफ खोटी. मामी कारखान्यात कानात कापूस घालतात आणि घराच्या दारात आल्यावर काढतात. कनकाक्का त्यांना जिन्यात गाठतात, एवढंच.

मामी तंजावरकडच्या मराठी. त्यांचं मराठी तमिळच्या हेलावर झुलतं. आम्ही पुण्याहून इथं आलो तेव्हा मी गच्चीत पोरांना त्यांची नक्कल करून दाखवत होते, आणि मामी नेमक्या मागे उभ्या.

"नाक विसरलीस, कण्णा," तमिळमधलं 'बाळा' लावून त्या म्हणाल्या. "मी नाकात बोलते. पुन्हा कर बघू."

तेव्हापासून सुट्टी लागली की मी त्यांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड आणि स्क्रूड्रायव्हर घेतलेल्या आठ बायका. हॉर्नच्या पाठीवरचा स्क्रू जरा फिरवला की आवाज बदलतो. नक्कल तोंडानं नाही, कानानं करायची असते, हे मला या शेडनं शिकवलं. त्याबद्दल मामींचे उपकार फिटायचे नाहीत.

"पूर्वी बाहेरचा माल येतच नव्हता," मामी सांगतात. "आमचे हे म्हशीसारखा हंबरणारा हॉर्न बनवायचे, तोही खपायचा. गिऱ्हाईक जातंय कुठं?"

मग बाजार खुला झाला. जवळच इरुंगाट्टुकोट्टैला परदेशी गाड्यांचे कारखाने आले, आणि त्यातल्या एकानं मामींचा पहिला माल जसाच्या तसा परत पाठवला. यजमान महिनाभर धुमसत राहिले. मामी मात्र त्या कारखान्यात जाऊन, काय चुकलं ते विचारून आल्या. माल सुधारला, ऑर्डर मिळाली, म्हणून शेडमधल्या आठ बायकांची घरं उभी राहिली. मामी अजून त्या परत आलेल्या मालाचे आभार मानतात.

गेल्या वर्षी आयातीवरचा कर उतरला आणि त्याच खुल्या दारातून बाहेरचा हॉर्नही आत आला. स्वस्त, वर आवाजाला गोड. त्या गाड्यांच्या कंपनीनं कळवलं, पोंगलच्या सणाआत असा आवाज त्याच भावात द्या, नाहीतर आम्ही तो घेतो. ऑर्डर गेली असती तर शेडला कुलूप. शेजारच्या महेशदादाची शेड अशीच बुडाली होती. मामींनी त्याला आपल्याकडे घेतलं होतं.

"बाहेरचा माल बंदच करायला हवा, मामी!" तो म्हणाला.

"वाऱ्यासाठी खिडकी उघडली, डास आले. म्हणून काय भिंत बांधायची? डास मार." मग मामी जरा थांबल्या. "तुला जाळी बसवायलाही सवड मिळाली नाही, ते मात्र वाईट झालं रे."

त्यांनी तो परदेशी हॉर्न विकत आणून उघडला. मग रोज आतला थरथरणारा पडदा नवा, स्क्रू नवा, आणि परीक्षक मी. "घसा बसलाय." "हा जांभई देतोय." बायका हसायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या.

नमुने पाठवायच्या आदल्या दिवशी मी ऐटीत म्हटलं, "पाठ फिरवूनसुद्धा आपला हॉर्न ओळखेन. पैज!"

"हरलीस तर दिवसभर स्वतःच्या आवाजात बोलायचं. कुणाची नक्कल नाही," मामी म्हणाल्या.

मी भिंतीकडे तोंड केलं. पहिला वाजला, लख्ख. दुसऱ्याला किंचित सर्दी.

"दुसरा आपला!"

शेडमध्ये एवढा गलका झाला की मला वळावंच लागलं. सर्दी परदेशी हॉर्नला झाली होती. महेशदादा तर खाली बसून हसत होता. हरल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

नमुने पास झाले, ऑर्डर राहिली. ज्या दिवशी ते कळलं, त्याच दिवशी मामींनी पैज वसूल केली. दुपारी आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. संध्याकाळपर्यंत कनकाक्कांनी बिल्डिंगभर केलं होतं, "बिचाऱ्या रेवाचा आवाज गेला हो!"

आणि मला त्यांची मानसुद्धा वेळावता येईना.