मी हेलिकॉप्टर धरलं

थांबा, हे आत्ताच सांगतो, नाहीतर मला जेवण जाणार नाही. आज मी हेलिकॉप्टर धरलं. हाताने!

चोपड्याजवळ गाडी पंक्चर झाली म्हणून ढकलत होतो. बाजूच्या मोकळ्या शेतात पंप दुरुस्त करणारे एक काका, मफलर गुंडाळून, स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरमध्ये बसले होते. खाली चौकोनी लोखंडी सांगाडा, सीट सायकलची. सांगाड्याचा रिकामा कोपरा दाखवत मला म्हणाले, "ये भाऊ, एक माणूस कमी शे. हाऊ कोपरा धर."

"कशाला?"

"परदेशात पहिलंवहिलं हेलिकॉप्टर उडालं, तवा बी चार जण चार कोपरे धरून उभे होते. नाहीतर कलंडतं."

कपाशीवर काय फवारायचं हे सांगावं इतक्या शांतपणे.

समोरच्या कोपऱ्यावर त्यांचा शालक होता, बाकी दोनांवर शेजारचे. इंजिन सुरू झालं, धूळ उडाली, आणि अरे, चाकं खरंच वीतभर वर आली! मी ओरडलोच! शालकाने कोपरा सोडून व्हिडिओ सुरू केला. हेलिकॉप्टर त्याच्याच बाजूला कलंडलं, फिरती पाती जमिनीकडे झुकली. काकांनी झटक्यात इंजिन बंद केलं. हेलिकॉप्टर धाडकन खाली आलं. सगळे शाबूत.

"दाजी, लागलं का?" शालकाने विचारलं. मोबाईल अजून वरच.

काकांनी मफलर झटकला.

"मशीन बराबर शे. माणसे बदलनी पडतीन."

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण मी कोपरा सोडला नव्हता हं!

तुम्हाला कधी कुणी रस्त्यात थांबवून असं काही धरायला लावलंय का?