भाऊंची दुकानातली मान

भाऊंचं केस कापायचं दुकान होतं आणि त्यांना मान हलवायची सवय होती. खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, "यंदा उन्हाळा फारच कडक," की भाऊ म्हणत, "अगदी बरोबर." शेजारच्या खुर्चीतला म्हणाला, "हा कसला उन्हाळा, आमच्या लहानपणी बघायला हवा होता," की भाऊ तिकडे वळून म्हणत, "ते मात्र खरं हं." दोघंही खूश होऊन जात. ज्या म्हाताऱ्याकडे भाऊ हे काम शिकले, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ज्याच्या गळ्यावर आपला वस्तरा आहे त्याच्याशी वाद घालू नये. तो चिडतो, हलतो आणि मग रक्त निघतं. भाऊंनी हे इतकं मनावर घेतलं की जन्मात कुणाचं रक्त काढलं नाही. त्यांची बायको मात्र वैतागायची. "घरात ती दुकानातली मान हलवू नका," ती म्हणायची, "नंदीबैलाशी संसार केल्यासारखं वाटतं." यावरही भाऊ मान हलवत.

त्यांना एकच मुलगी. तिला घरात चिंगी म्हणत. लहानपणी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून भाऊ तिला वर बसवत आणि तिचे केस कापत. त्या चिंगीने आता शेतीशास्त्राची पदवी घेतली होती आणि एका कृषी संशोधन केंद्राने तिला इंटर्नशिपच्या मुलाखतीला बोलावलं होतं. शास्त्रज्ञांनी जे शोधून काढलं ते शेतकऱ्याला कळेल अशा शब्दांत सांगायचं, रेडिओवर, पत्रकात, फोनवरच्या छोट्या फिल्ममध्ये, असं ते काम होतं. मुलाखतीत आपल्या अभ्यासाचा विषय एखाद्या अगदी नवख्या माणसाला समजेल असा सांगून दाखवायचा होता.

"म्हणजे मला तुम्हीच हवेत, बाबा," चिंगी म्हणाली.

भाऊंना त्याचा कोण अभिमान वाटला. त्यांच्या अज्ञानाला एवढी मागणी आजवर कधीच आली नव्हती.

मग दुपारी दुकानात गर्दी नसली की सराव सुरू झाला. भाऊ वाट बघणाऱ्यांच्या बाकावर बसत आणि चिंगी आरशाला पाठ करून उभी राहायची. "मातीतील रंध्रे जलसंपृक्त झाली की मुळांचा प्राणवायूचा पुरवठा खंडित होतो," इथून ती निघायची आणि दम लागेपर्यंत थांबायची नाही. भाऊ तिच्याकडे बघत राहायचे. बोलताना ती ओढणीचं टोक पिळायची, लहानपणी फ्रॉकचं टोक पिळायची तसंच. ते बघताना भाऊंना इतकं बरं वाटायचं की कानावर काय पडतंय याची शुद्ध राहायची नाही.

"कळलं?" ती विचारायची.

"स्वच्छ कळलं," भाऊ मान हलवून म्हणायचे, आणि तिचा चेहरा उजळायचा.

आपल्याला ओ की ठो कळलेलं नाही, हे भाऊंना ठाऊक होतं. रात्री अंथरुणावर ते टोचायचंसुद्धा. पण पोरगी आधीच धास्तावलेली, तिचा धीर कशाला खचवायचा? शिवाय मुलाखत घेणारे शिकलेले लोक, त्यांना कळेलच की, अशी ते स्वतःची समजूत घालायचे.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी चिंगी शेवटच्या सरावाला आली. मागोमाग तिची आई चहाचा थर्मास घेऊन आली. त्या वेळी भाऊ आरशाजवळच्या कुंडीत मगाने पाणी ओतत होते.

"काय करताय, बाबा?"

"पाणी घालतोय गं. पानं मलूल पडलीत बिचाऱ्याची. सकाळीही घातलं, तरी उभारी धरत नाहीये."

चिंगी दारातच थबकली. पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना श्वास घेता येत नाही, मग त्यांना पाणी ओढता येत नाही, मग पानं सुकतात आणि माणूस आणखी पाणी घालतो, हेच तर ती रोज इथे उभी राहून सांगत होती.

"बाबा, तुम्हाला कळलं होतं ना?"

भाऊंनी मान हलवली. त्यांना हलवायची नव्हती, पण ती हलली.

"ही दुकानातली आहे," आई म्हणाली. "इतके दिवस पालथ्या घड्यावर पाणी."

चिंगी बाकावर बसली. ती रडली असती तर भाऊंना सोपं गेलं असतं. "मी शेतीचं शिकायला जाऊ का असं विचारलं होतं," ती हळूच म्हणाली, "तेव्हाही हीच मान होती का?"

भाऊंच्या काळजाला ते लागलं. "नाही," ते म्हणाले. "तेव्हा मान हललीच नव्हती. कात्रीला धार लावून आणतो म्हणून मी बाहेर गेलो होतो, आठवतं? धार लावायची नव्हतीच. मला रडू आलं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं."

"मग आता का नाही खरं सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस."

"आणि उद्या तिथे जाऊन तोंडघशी पडले असते, ते?"

भाऊंनी हातातला मग कुंडीशेजारी ठेवला.

चिंगी उठली. तिने भाऊंना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, त्यांच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि मागे उभं राहून त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "हलायचं नाही," ती म्हणाली. हे भाऊंचंच वाक्य. "कळलं नाही तर तोंडाने सांगायचं."

ती बोलू लागली. रंध्रांपाशी येताच भाऊंची मान खाली जायला लागली, पण तिच्या हातांनी ती अडवली. भाऊंना घाम फुटला.

"नाही कळलं," ते म्हणाले.

तिने शब्द बदलून पुन्हा सांगितलं.

"नाही कळलं." या वेळी जरा सोपं गेलं. मग भाऊंना धीरच आला. "मुळं श्वास घेतात म्हणजे कशाने? त्यांना नाक कुठंय?"

चिंगी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिने दांडीवरचा कोरडा टॉवेल घेऊन भाऊंच्या तोंडावर टाकला. "घ्या श्वास." भाऊंनी आरामात घेतला. मग तिने तोच टॉवेल बेसिनमध्ये बुडवला आणि न पिळता, तसाच निथळता, पुन्हा तोंडावर टाकला. "आता घ्या." टॉवेल भाऊंच्या नाकाला चिकटला. त्यांनी हातपाय झाडल्यावर तिने तो उचलला.

"टॉवेल तोच आहे, बाबा. मघाशी त्याच्या बारीक भोकांतून हवा येत होती. आता तिथे पाणी भरलं. मातीचंही असंच होतं."

भाऊंच्या मिशांतून पाणी गळत होतं. ते कुंडीकडे बघत राहिले. "म्हणजे हे तहानेनं नाही, गुदमरून सुकतंय."

"हो."

"आणि मी वरून आणखी ओततोय."

"सगळेच ओततात. माया असते म्हणून ओततात."

"मलाही कळलं हो," आई थर्मास उघडत म्हणाली. "मला कुणी विचारतच नाही."

दुसऱ्या दिवशी भाऊंचं कामात लक्ष नव्हतं. एक गिऱ्हाईक म्हणालं, हल्लीच्या मुलींना फार शिकवून उपयोग नाही. "मला नाही तसं वाटत," भाऊ म्हणाले. गिऱ्हाईक दचकून हललं, पण वस्तरा भाऊंनी वेळीच उचलला होता.

संध्याकाळी मुलाखतीहून मायलेकी थेट दुकानात आल्या. चिंगी उभ्याउभ्याच सांगू लागली. समोर तीन माणसं होती. मधल्या बाई तिचं बोलणं ऐकत छान गोड मान हलवत होत्या. "मग मी थांबले. म्हटलं, माझ्या बाबांचं सलून आहे, मला मान ओळखता येते. कुठे सुटलं ते सांगा."

भाऊंनी हातातली कात्री खाली ठेवली. "अगं, मग?"

"हसल्या. म्हणाल्या, लक्ष नव्हतं माझं, पहिल्यापासून सांग. मग मी रुमाल ओला केला." चिंगीने ओढणीचं टोक हातात घेतलं. "घेतलं त्यांनी मला. पण केंद्र लांब आहे, बाबा. सहा महिने तिथेच राहावं लागेल. जाऊ ना मी?"

भाऊ रिकाम्या खुर्चीत बसले. खरं बोलायची सवय एकदा लागली की ती कुठे थांबवायची हे त्यांना अजून जमत नव्हतं. "मनातून नको वाटतंय," ते म्हणाले. "दुपारी दुकान फार रिकामं वाटेल."

आईने त्यांच्या खांद्यावरचे गिऱ्हाइकाचे केस झटकले.

चिंगी त्यांच्या मागे आली आणि कालच्यासारखंच तिने त्यांचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. "आता सांगा."

भाऊंनी आरशात तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि तिने हात जराही सैल केले नव्हते. भाऊंनी सगळा जोर लावला आणि त्या हातांसकट होकाराची मान हलवली.